दुसरी वायर

अब्रारकाकांनी रॅकच्या मागे हात घातला, वरची वायर चिमटीत धरली आणि ओढायच्या ऐवजी नुसती धरून ठेवली.

"काका, वायर काढताय का दाढ?" हर्षदशेठ दारातून म्हणाले.

खालापूरच्या त्या हॉस्पिटलचे ते मालक. एक्सप्रेसवेवरचे अपघातातले जखमी तिथे येत आणि त्यांचे सगळे रिपोर्ट सर्व्हरवर असत. मागच्या पावसाळ्यात उंदराने बॅकअपची एकुलती वायर कुरतडली. आठवडाभर कुणाला पत्ता नव्हता. मग मुख्य सर्व्हर बसला आणि त्या आठवड्याचे रिपोर्ट कायमचे गेले. म्हणून आता बॅकअप सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंत दोन वायरी होत्या. एक तुटली तर काम आपोआप दुसरीवरून चालावे, अशी सेटिंग काकांनी केली होती; आज एक वायर काढून ती तपासायची होती. या खेपेला चुकले तर काम दुसऱ्याला, हे शेठनी सकाळीच ऐकवले होते.

स्क्रीनसमोर रुचिता होती. काकांच्या हाताखाली शिकून आता त्यांच्या बरोबरीने काम करणारी. रिपोर्टांची कॉपी चालू होती, किती झाली त्याचा आकडा चढत होता. तिने मान हलवली.

काकांनी वायर ओढली.

आकडा थांबला. तो थांबणारच होता. पहिली वायर गेली याची खात्री होईपर्यंत सर्व्हर जरा वाट पाहतो, हे काकांनीच तिला शिकवले होते. तेवढ्यात घाबरून वायर परत लावायची नाही, हेही. पण ते थांबणे लांबत चालले. एसीतही काकांच्या मानेवरून घाम उतरला. सेटिंगमधली एकेक ओळ त्यांना आठवू लागली आणि प्रत्येक ओळ चुकलेली वाटू लागली. शेठ स्क्रीनकडे वाकले.

आकडा हलला.

"झालं की," शेठ म्हणाले आणि फोनला लागले. कर्जतच्या नव्या दवाखान्यातही हेच बसवायचे, असे ते कुणाला तरी सांगत होते.

रुचिता हसली नाही. ती उठून रॅकच्या मागे आली. काकांचा हात अजून आतच होता आणि वायर आपल्या जागी घट्ट बसलेली होती.

काकांनी शेठच्या पाठीकडे पाहिले. शेठ बोलत बोलत जिन्याकडे निघाले होते.

"शेठ."

शेठ फोनवरच होते. त्यांनी पुन्हा हाक मारली.

"शेठ, नाय झालं. मीच परत लावली. दुसरी चालते का नाय, ते अजून कुणालाच माहीत नाय."

शेठनी फोन कानावरून काढला. "मग आता?"

काकांनी वायर काढली, दुसऱ्या टोकाकडूनही सोडवली आणि रुचिताच्या हातात दिली. आकडा थांबला. शेठ दारातच उभे राहिले. सर्व्हरचे पंखे घुमत होते. काकांनी हात पुढे केला.

"दे गं," ते हळूच म्हणाले.

रुचिताने वायर पाठीमागे धरली.

आकडा हलला, तेव्हा काकांचा हात तसाच पुढे होता.