कंपनीचं कूपन

डेल्मरने कूपन काउंटरवर सरकवलं आणि ते उडून जाईल की काय असा वर तळहात दाबून धरला.

"लुएलाच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या," तो म्हणाला. "हे औषध कंपनीचं सवलतीचं कूपन. मागेही चाललंय."

औषधाच्या दुकानातल्या केंड्राने ते त्याच्या हाताखालून हळूच ओढून घेतलं. "विचारावं लागतं म्हणून विचारते हं, डेल्मरकाका. काकूंना सरकारी विमा नाही ना? असला तर कंपनीचं कूपन चालत नाही."

"सरकारी? आम्हाला?" डेल्मर मोठ्याने हसला. "अजून तेवढे वाईट दिवस आले नाहीत, पोरी."

आले होते. खाण बंद पडली, तिच्यामागोमाग खाणीचा विमाही गेला. आता केंटकी राज्याच्या, गरिबांसाठीच्या विम्याचं कार्ड त्याच्या पाकिटात लायसन्सच्या मागे उलटं दडवलेलं होतं. ते काढून दिलं असतं तर गोळ्या जवळजवळ फुकट मिळाल्या असत्या. पण मागे रांगेत ओटिस उभा होता. गावातला दुसरा कुणीही चालला असता, नेमका ओटिस नको होता.

गेल्या हिवाळ्यात न्हाव्याच्या दुकानात याच ओटिसला त्याने चारचौघांत विचारलं होतं, "काय रे, तुझ्या डायबेटिसच्या गोळ्या आमच्या घामाच्या पैशातून येतात. गिळताना खारट लागतात की नाही?" सगळे खो खो हसले. ओटिसही हसला. मग टोपी घालून बाहेर पडला तो पुन्हा त्या दुकानाची पायरी चढला नाही.

केंड्राने कॉम्प्युटरवर बोटं चालवली, थांबली, पुन्हा चालवली. मग पुढे वाकून हळू आवाजात म्हणाली, "काका, इथे काकूंचं नाव सरकारी योजनेत दिसतंय. कार्ड द्या ना, लगेच होईल."

"चुकतंय तुमचं मशीन."

"पण काका, गोळ्या संपल्या असतील तर—"

"चुकतंय म्हटलं ना!"

कूपन खिशात कोंबून तो निघाला. ओटिसकडे न बघता त्याच्या अंगावरून गेला आणि बाहेर आपल्या ट्रकमध्ये जाऊन बसला.

शेवटची गोळी लुएलाने सकाळीच घेतली होती. तिच्या पायातली रक्ताची गाठ एकदा फुप्फुसापर्यंत पोचली होती, आणि डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की यापुढे एकही गोळी चुकता कामा नये. हे सगळं डेल्मरला पाठ होतं. किल्लीवर हात होता, पण ती फिरवेना. बायकोचा जीव एका पारड्यात, न्हाव्याच्या दुकानातली ऐट दुसऱ्यात, आणि हा गाढव ऐट उचलून चालता झाला!

काचेवर टकटक झाली. हातात औषधाची पिशवी घेऊन ओटिस उभा होता. आता हा व्याजासकट वसूल करणार, डेल्मरच्या मनात आलं. करू दे, आपली लायकीच ती आहे. त्याने काच खाली घेतली.

"आत कुणी नाही आता," ओटिस म्हणाला. "जा, घेऊन ये. मी दाराशी थांबतो. कुणी आलंच तर बोलण्यात गुंतवतो."

"ओटिस, मी तेव्हा त्या न्हाव्याकडे—"

"जा रे. दुकान बंद व्हायची वेळ झाली."

डेल्मरने कार्ड काउंटरवर ठेवलं. मशीनच्या चुकीचा विषय केंड्राने काढलाच नाही. गोळ्या घेऊन तो वळला तर काचेतून दिसलं, की ओटिस दाराला पाठ लावून उभा आहे आणि त्याच्यासमोर पाद्रीबाबांच्या पत्नी, मिसेस प्रॅटर, हातवारे करून काहीतरी सांगताहेत.

"अगंबाई, डेल्मर!" तो बाहेर येताच त्या म्हणाल्या. "लुएला कशी आहे? औषधं काय महाग झालीत हो! कसं परवडतं तुम्हाला?"

"त्यांना कंपनीचं कूपन असतं," ओटिस झटकन म्हणाला. "खाणीतल्या माणसाचं बरं असतं बाई. कुणापुढे हात पसरायला लागत नाही."

डेल्मरने त्याच्या आवाजात टोमणा शोधला. सापडला असता तर किती बरं झालं असतं. नव्हताच.

"कूपन नाही, बाई," तो म्हणाला. "सरकारी कार्ड आहे. तिचंही आणि माझंही. पाद्रीबाबा केस कापायला गेले, की न्हाव्याकडे सांगितलं तरी चालेल."

"अस्सं होय," एवढंच पुटपुटून मिसेस प्रॅटर आत गेल्या.

ओटिस त्याच्यावर उखडलाच. "लेका, हेच सांगायचं होतं तर आधी सांगायचंस! तिच्या मांजराच्या जुलाबांची कर्मकहाणी मी उभ्या उभ्या ऐकली ती काय गंमत म्हणून?"

डेल्मरला हसता आलं नाही. वर मान करून त्याच्याकडे बघवेनाही. शेवटी ट्रकचं दुसरं दार उघडून धरत तो कसंबसं म्हणाला, "बस. घरापर्यंत सोडतो तुला."

"माझी गाडी ही काय, शेजारीच उभी आहे," ओटिस म्हणाला.