कुशीवर झोपणाऱ्यासाठी मध्यम कडक

तीन पलंग, तीन गाद्या. एक नरम, एक मध्यम, एक कडक. तिन्हींना एकच निळ्या फुलांचं कापड. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही.

म्हणून दुकानदार विचारतो.

झोपणार कोण?

"माझा धाकला भाऊ," आप्पासाहेब सांगतात. "मच्छिंद्र. उसाच्या गाडीखाली सापडला. कमरंच्या खाली जीव न्हाई ऱ्हायला."

त्यांच्या मागे, खांबाच्या आडोशाला, मच्छिंद्रची बायको चांगुणा उभी आहे. पदर कपाळावरून भुवयांपर्यंत ओढलेला. थोरल्या दिरासमोर, भायासमोर, ती बोलत नाही. पुणतांब्याच्या त्या घरात लग्न होऊन आल्यापासून बोललेली नाही. काही सांगायचंच असलं तर ती चुलीला सांगते. मीठ संपलंय, असं चुलीला मोठ्यानं सांगते आणि संध्याकाळी मीठ येतं. आज एसटीत ती पुढे बसली, ते मागे. नगरच्या रस्त्यानं ते पुढे चालले, ती मागे.

ती आली ती दवाखान्यात नर्सबाईकडून जखम धुवायला शिकायला. उजव्या खुब्यावरची जखम. पडून पडून झालेली. आत पांढरं दिसतं ते हाड.

डॉक्टर आप्पासाहेबांना म्हणाले ते तिनं दाराबाहेरून ऐकलं. बाजेवर हा माणूस पावसाळा काढणार नाही. स्प्रिंगची गादी घ्या. पण तो झोपतो कसा ते दुकानात नीट सांगा, कुणीतरी झोपून बघा. चुकीची गादी घेतलीत तर तीच त्याला खाईल.

झोपतात कसे?

दुकानदाराला हा प्रश्न रोजचा आहे. लष्करी कॅम्पातल्या साहेबांच्या बायका त्याच्याकडे येतात आणि त्याला फडाफडा उत्तरं देतात. "म्हणजे असं बघा पाटील. उताणा झोपणारा असेल तर कडक. पाठ सरळ राहते. कुशीवर झोपणारा असेल तर मध्यम. खांदा आणि खुबा थोडा आत जायला पाहिजे, नाहीतर सगळा भार हाडावर. तुमच्या भावाचं कसं?"

"उताना," आप्पासाहेब म्हणतात. "आमच्या घरातलं समदे गडी उतानेच झोपत्यात. मर्दावानी."

(उजव्या कुशीवर. डावा गुडघा पोटाशी. पहिल्या रात्रीपासून. आता गुडघा आपला आपण येत नाही, मी आणून ठेवते. उताणा ठेवला की त्याला धाप लागते. मग बाजेचं लाकूड धरून हातांच्या जोरावर वरचं अंग ओढून घेतो. डावीकडं वळवला तरी उजवीकडं येतो. म्हणून जखम उजवीकडं)

हे उत्तर चांगुणानं दिलेलं नाही. हे उत्तर भायासमोर द्यायचं म्हणजे नवरा रात्री कसा असतो हे भायासमोर सांगायचं.

वजन?

"माझ्याएवढाच हाय. जरा उंच."

(आता नाही. आता मी एकटी उचलते)

कुणी झोपून बघणार का?

आप्पासाहेब बघणार. ते टोपी सांभाळत कडक गादीवर चढतात, पायात वहाणा तशाच, म्हणून पाय बाहेर काढून ठेवतात. हात पोटावर बांधतात. नजर छताला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं आहेत, उशा बघत उभी. त्यातला एक म्हणतो, "पाटील, घोरू नका हं, दुकान बंद व्हायचंय."

"कशी वाटते?" दुकानदार.

"दगडावानी हाय."

"मग मध्यम दाखवू?"

"आरं, दगडावानी हाय म्हंजी चांगली हाय. नरम गादीनं मानूस बायल्या हुतो." ते उठतात, गादीवर थाप मारतात. "बांधा हीच."

दुकानदार सुतळी घ्यायला वळतो.

चांगुणा खांबाला सांगते, "कुशीवर झोपत्यात."

"काय म्हणाल्या वहिनी?"

"काय न्हाई," आप्पासाहेब म्हणतात. "तुमी बांधा."

खांब म्हणजे चूल नव्हे.

सुतळीचा पहिला वेढा पडतो.

दुसरा

इथे चांगुणा चपला काढते. मधल्या पलंगाशी जाते. बसते. मग आडवी होते. उजव्या कुशीवर. डावा गुडघा वर घेते, पोटाशी, जसा तो घेतो. एक हात गालाखाली, दुसरा पलंगाच्या कडेला. पदर डोक्यावरून सरकतो तो ती एका हातानं धरून ठेवते, पण झोपलेल्या बाईचा पदर डोक्यावर राहत नाही.

आप्पासाहेब पाठ फिरवतात. इतक्या घाईनं फिरवतात की नरम गादीच्या पलंगाला त्यांचा गुडघा लागतो.

ती डोळे मिटते. खुब्याकडे लक्ष देते, बाकी कशाकडे नाही. खुबा आत जातो, जातो, आणि थांबतो. खालून काहीतरी त्याला हातावर घेतल्यासारखं धरतं. ती उठते. सुतळीचा वेढा पडलेल्या कडक गादीवर जाते, तशीच आडवी होते. इथे खुबा जात नाही. हाड कापडाला टेकतं आणि तिथंच राहतं. जिथं त्याची जखम आहे तिथं, जखम नसलेल्या तिच्या अंगाला, टोचतं.

"बघा पाटील," उशीवाला गिऱ्हाईक म्हणतो, "तुमाला कडक आवडली, वहिनींना मध्यम. दोनी घ्या, भांडनच नको!"

दुसरा हसतो. दुकानदारही, मान खाली घालून, हसतो.

चांगुणा उठून उभी राहते. मधल्या गादीवर हात ठेवते.

"ही," ती म्हणते. भाया चार पावलांवर उभा आहे आणि ती मोठ्यानं म्हणते. "ते कुशीवर झोपत्यात. ही द्या."

आप्पासाहेब बाहेर जाऊन रस्त्यावर उभे राहिले. आत आले नाहीत. दुकानदार हिशेबाला बाहेर गेला तेव्हा ते म्हणाले, "ती म्हनती ती द्या," आणि समोरच्या सायकलच्या दुकानाकडे बघत राहिले. परतीच्या एसटीत ती पुढे, ते मागे. घरी त्यांनी कुणालाही काही सांगितलं नाही. आपल्या बायकोला, झुंबरबाईलासुद्धा नाही. हे कबूल केलं पाहिजे: त्या माणसानं तोंड उघडलं नाही.

तोंड उघडलं गादी घेऊन आलेल्या हमालानं. तेही चांगल्या मनानं.

गादी टेम्पोतून उतरवताना अख्खी गल्ली जमली होती. पुणतांब्यात अशी गादी आलेली नव्हती. लोक बोटानं दाबून बघत होते. हमालानं कपाळ पुसलं आणि झुंबरबाईकडून पाण्याचा तांब्या घेत म्हणाला, "एक नंबर माल हाय. या वहिनींनी सोता झोपून पसंत केली. आमचं मालक सांगत हुतं, दुकानात अशी बाई न्हाई बघितली. ह्या गादीवर झोपल्या, त्या गादीवर झोपल्या. समदे बघतच ऱ्हायले."

ओसरीच्या आतल्या खोलीत बाजेवर मच्छिंद्र होता. दार उघडं होतं.

चांगुणानं आणि झुंबरबाईनं गादी आत आणली. दुकानदारानं बजावलं होतं, बाजेवर टाकू नका, झोळ पडेल, खाली फळ्या द्या. म्हणून बाजेशेजारी जमिनीवर फळ्या मांडल्या, त्यावर गादी.

"चला," चांगुणा म्हणाली. "खांद्याला धरते."

"दुकानात कोन कोन हुतं?"

"दुकानदार हुता."

"आन?"

"दोन गिऱ्हाईकं."

"आन दादा."

तिनं गादी फळ्यांवर नीट सरकवली.

"दादाच्या म्होरं निजलीस."

"तुमच्यासाठी निजले. तुमी कसं निजता ते कुनाला ठावं हुतं? ते म्हनत हुते उताना."

"मग उताना निजलो असतो."

"आन खुबा?"

"मसनात गेला खुबा." त्यानं बाजेचं लाकूड धरलं. "चार मानसांत निजलीस त्या गादीवर मी न्हाई निजनार. टाक उकिरड्यावर. न्हाईतर तू नीज. सवय झालीया तुला."

झुंबरबाई दारात उभी होती. "असं बोलू न्हाई भावजी," ती म्हणाली. मग बाहेर जाऊन, मोरीपाशी, चांगुणाला म्हणाली, "तू बी लई आगाव. मला न्यायाचं हुतं संगं. मी सांगितलं असतं त्यास्नी."

"तुमाला तरी कुठं ठावं हुतं, आक्का?"

"न्हवतं. खरं हाय."

गादी तिथंच राहिली. तो बाजेवर. जखम धुताना तो भिंतीकडे बघायचा आणि ती धुवायची. खोलीत गेलं की आधी वास यायचा. निळ्या फुलांवर मांजर झोपायचं, उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर, पालथं, कसंही.

ती विनवायची. तो ऐकायचा नाही.

ती रडायची. तो ऐकायचा नाही.

आप्पासाहेब दाराशी येऊन म्हणाले, "मच्छ्या, डॉक्टरनं सांगितलंय, गादीवर जा." तो म्हणाला, "दादा, तुमी पाठ फिरवली हुती का?" आप्पासाहेब निघून गेले. पुन्हा त्या दारात आले नाहीत.

मग ताप आला. जखमेतून आलेला. एकदा तो तापात चांगुणाला आई म्हणाला. ताप उतरल्यावर तिला बघून तोंड फिरवलं. हाताची ताकद तेवढी गेलेली नव्हती. उचलायला गेलं की बाजेचं लाकूड दोन्ही हातांनी असं धरायचा की दोघी जावा मिळूनही त्याची बोटं सुटत नसत.

लाकूड तो सोडणार नाही. पण बाज म्हणजे काय नुसतं लाकूड आहे?

भर दुपारी चांगुणानं विळा घेतला. बाजेखाली वाकली. पायथ्याकडच्या ताणाच्या दोरीवर पातं लावलं.

"काय करती? आगं ए! काय करतीस?"

दोरी तुटली. मग दुसरी. जुनी अंबाडीची दोरी, कडक झालेली, करकरत तुटायची. बाजेची वीण सैल झाली, मधोमध झोळ आला. तो हातांनी दोन्हीकडची लाकडं धरून होता, आणि त्याच्या खालून बाज जात होती. खालचं मेलेलं अंग आधी जमिनीला टेकलं. मग पाठ. मग नुसते दोन हात वर राहिले, आणि अंगाच्या भारानं तेही लाकडावरून सुटले.

"आक्का," चांगुणानं हाक मारली. "या."

झुंबरबाई धावत आली, बाजेची रिकामी चौकट बघून थबकली. "आगं, मोडली? बाज मोडली?" मग विळा बघितला. पायाकडून धरलं.

शेजारच्या बनुबाईनं खिडकीतून बघितलं की मच्छिंद्रला बाजेवरून जमिनीवर घेतलाय. माणूस जायला लागला की बाजेवरून खाली घेतात. बाजेवर मरण आलं तर बरं नसतं. दुसऱ्या कशासाठी कुणाला खाली घेतलेलं बनुबाईनं कधी बघितलं नव्हतं. तिनं तिथंच हंबरडा फोडला. "गेला गं, माझ्या चांगुनाचा मालक गेला!" गल्लीतून बाया धावल्या. कुणीतरी शेतात आप्पासाहेबांकडे माणूस पाठवला.

आणि खोलीत, त्या रडण्याच्या आत, मच्छिंद्र ओरडत होता, "जिता हाय मी! रांडंनो, जिता हाय!" आणि दोघी बायका त्याला गादीवर ओढत होत्या, आणि बाहेर रडणं चढत होतं, कारण रडणाऱ्या बाईला आतलं ऐकू येत नाही.

गादीला धरायला लाकूड नव्हतं. त्याचे हात निळ्या फुलांवरून घसरले.

चांगुणानं त्याला डाव्या कुशीवर वळवलं. वरचा गुडघा पोटाशी आणला. मधे उशी दिली. पाठीला लोड लावला, म्हणजे उजवीकडे येता येऊ नये.

तेव्हा तो जो शब्द बोलला तो त्याचा तिच्याशी शेवटचा होता. लिहिण्यासारखा नाही.

पावसाळा आला. जखमेच्या कडा आधी लाल झाल्या, मग गुलाबी, मग आत आत सरकू लागल्या. तळ भरून आला. हाड दिसेनासं झालं. ती दिवसातून कितीदा तरी त्याला वळवायची, धुवायची, पुसायची. तो झुंबरबाईशी बोलायचा, मांजराशी बोलायचा, चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाशी बोलायचा. लोक गादी दाबून बघायचे आणि म्हणायचे, चांगली हाय. तोही म्हणायचा, चांगली हाय. दादानं आनली.

पावसाळ्याच्या शेवटी नगरहून डॉक्टर पुणतांब्याच्या रस्त्यानं कुठंतरी चालले होते, ते घरी थांबले. आप्पासाहेबांनी अंगणातूनच त्यांना खोली दाखवली. डॉक्टरांनी खुबा बघितला. अंगठ्यानं दाबला. परत दाबला.

"वाळली," ते म्हणाले. "मला वाटलं नव्हतं. खरं सांगतो, वाटलं नव्हतं. कुणी केलं हे सगळं?"

चांगुणा दाराबाहेर होती, हातात गरम पाण्याचं पातेलं.

"घरच्यांनी," मच्छिंद्र म्हणाला. मग म्हणाला, "डाक्टर, एक इचारू का?"

"विचार की."

"आता जखम न्हाई. आता दुसऱ्या कुनी वळवलं तर चालंल का मला? गड्यानं?"

"गड्यानं?" डॉक्टर पिशवी बंद करत होते. "न चालायला काय झालं? चालेल. फक्त वेळच्या वेळी वळवायला हवं."

दुसऱ्या दिवसापासून गडी येऊ लागला. सहादेव त्याचं नाव. बैलांचं सगळं करून, हातपाय धुऊन तो यायचा, मच्छिंद्रला काखेत धरायचा आणि पोत्यासारखा उलटवायचा. मच्छिंद्र विव्हळायचा नाही. त्याला कमरेखालचं कळत नव्हतंच.

चांगुणा उंबऱ्याबाहेर उभी राहायची.

"गुडघ्यात उशी दे, सहादेवा," ती म्हणायची. "आन वढू नको. उचल. वढलं की कातडं जातं."

सहादेव एकदा तिच्याकडे बघायचा, एकदा मच्छिंद्रकडे.

"मालक, देऊ का उशी?"

"नको," मच्छिंद्र म्हणायचा.