आकड्यांची बाजू

“काका, माळ्यावरचे ते चार टायर काढा,” दुकानाचा मालक म्हणाला. समोर माझा जावई उभा होता.

गाडी त्याचीच, पिकअप. फरशा वाहतो. चारही टायर झिजून पार गुळगुळीत झालेले. दुसऱ्या कुठल्या दुकानात गेला असता तर बरं झालं असतं, पण नाही, सासरा इथे आहे ना!

“मामा, मला यातलं काही कळत नाही,” जावई म्हणाला. “तुम्ही म्हणाल ते बसवा.”

मालक तोवर फोनला लागला होता. त्याने हे ऐकलंच नाही.

आता माळ्यावरच्या चौघांची हकीकत सांगतो. दिसायला नवेकोरे, खाचा खोल, काळेकुळकुळीत. का नसणार? दर महिन्याला पॉलिश मीच फासतो. पण टायरच्या एका अंगाला चार आकडे असतात, कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या साली बनला त्याचे. त्या हिशेबाने हे आठ वर्षांचे म्हातारे. पडून पडून रबर वाळतं, आणि भरल्या गाडीखाली, तापल्या रस्त्यावर कधी फाटेल याचा नेम नाही. आकडे एकाच अंगाला, म्हणून असला माल बसवताना ते अंग आत टाकायचं. गिऱ्हाईक काय गाडीखाली लोळून बघतंय! झाकली मूठ सव्वा लाखाची. हे मला कुणी शिकवलं नाही हो. मालकाने एकदा नुसतं डोळ्याने खुणावलं, आणि मी शहाणा, लगेच शिकलो.

अशा किती गाड्या गेल्या, मोजल्या नाहीत. मोजायच्याच नव्हत्या.

मी शिडीला हात लावला आणि तसाच उभा राहिलो. मालक माणूस वाईट नाही. बायकोच्या आजारपणात मी तीन महिने घरी होतो, तेव्हा त्याने माझी जागा दुसऱ्याला दिली नाही. आणि माझं वय अठ्ठावन्न. इथून सुटलो तर मला दारात कोण उभं करणार? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. पण त्या पिकअपमध्ये शेजारच्या सीटवर कधीकधी माझी लेक बसते.

“ते नकोत,” मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू येईना. “जावईबापूंच्या गाडीला ओझं फार असतं. खालचे नवे देतो.”

मालकाने फोन खाली ठेवला. मग चक्क हसला. जवळ येऊन हळूच म्हणाला, “अहो काका, जावई का हे? आधी नाही का सांगायचं! घरच्यांना कोण असलं देतं?”

तासाभरात जावई निघाला. “मामा, तुम्ही आहात म्हणून निर्धास्त,” म्हणाला. मला इतकी लाज वाटली की मान वर होईना. माझी लेक वाचली. बाकीच्यांच्या लेकींचं काय?

जावयाचे टायर बसवत होतो तेव्हापासून बाकड्यावर एक बाई येऊन बसल्या होत्या. रोपवाटिका आहे त्यांची, रोपांची पिकअप स्वतःच चालवतात. उठून म्हणाल्या, “काका, जावयाला दिलेत तसलेच मला द्या बरं का. मी सगळं बसून बघितलंय.”

“ते संपले, ताई,” मालक म्हणाला. “पण माळ्यावर आहेत तसलेच. काका, घ्या.”

मी घेतले. चारही खाली उतरवले. पहिला रिमवर चढवायला गेलो, तर हातांनी सवयीने आकड्यांची बाजू आत टाकली. सव्वीस वर्षं या कामात मुरलेले हात, ते मला विचारत नाहीत. मी टायर ओढून काढला, पालथा केला, पुन्हा चढवला, हवा भरली आणि चाक गाडीला लावलं. आकडे बाहेर.

मालक लगेच आला. “काका, उलटा बसलाय तो.”

“नाही, मालक. बरोबर आहे.”

त्याने आवाज चढवला नाही. काळजीनेच विचारावं तसं म्हणाला, “काका, उद्या कुठं जाणार आहात कामाला?”

मी गुडघे टेकले, फडक्याने त्या जागेवरचं पॉलिश पुसलं. “ताई, इकडे या. हे आकडे वाचा जरा. शेवटचे दोन म्हणजे टायर बनला ते साल.”

“तुम्हीच सांगा ना, काका.”

“नाही. तुम्ही वाचा.”

त्यांनी चष्मा लावला, माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत वाचलं. मालक आत निघून गेला. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग टायरकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

“हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“हो.”

“आणि तरी बसवत होतात? लोकांना?”

“हो, ताई,” मी म्हणालो, आणि पाना उचलून ते चाक सोडवायला बसलो.