अडतीस नंबरची तार

मंगळवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये तांब्याची बारीक तार शाबूत राहिली. टाळ्या वाजल्या. वैजयंतीने वाजवल्या नाहीत.

शेडमध्ये एका फ्यूजन प्रयोगशाळेसाठी वीज तोडणारं कपाट बनत होतं. तिथल्या यंत्रातला वायू तापवण्यासाठी आयनांचा झोत सोडतात. झोत ज्या जाळ्यांमधून निघतो, त्यांच्यात अधूनमधून ठिणगी उडते. वीज त्याच क्षणी तुटली नाही, तर जाळी वितळते. नवी जाळी बनायला चौदा महिने लागतात. म्हणून आधी ठिणगीच्या वाटेत तार जोडून मुद्दाम शॉर्ट करायचं. तार वाचली, तर जाळी वाचेल.

वैजयंतीच्या कपाटाने तीनदा तार जाळली होती. तिचं नऊ वर्षांचं काम मालक एकनाथरावांनी गेल्या दिवाळीनंतर हृषीकेशकडे दिलं. तो सत्तावीस वर्षांचा, वेळापूरचा.

"मॅडम, बघितलं का? पहिल्याच झटक्यात केलं की पठ्ठ्यानं! पेढे तुमच्याकडून, थोरल्या ना तुम्ही," एकनाथराव म्हणाले.

"मॅडमच्याच ड्रॉइंगवर केलंय, सर," हृषीकेश म्हणाला.

हे तिला जास्त झोंबलं.

सगळे जेवायला गेल्यावर तिने ती तार सोडवून मायक्रोमीटरमध्ये धरली. अडतीस नंबरची तार शून्य पूर्णांक पंधरा मिलिमीटर भरायला हवी. ही शून्य पूर्णांक एकोणीस भरली. रिळावर मात्र अडतीसच लिहिलेलं होतं. रीळ मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेलं. यंत्रमागांच्या मोटारी भरणारे कारागीर उरलेली तार हाताला येईल त्या रिळावर गुंडाळतात, जुनं लेबल तसंच राहतं. त्यामुळे वैजयंतीने मोजल्याशिवाय तार कधीच लावली नव्हती. काम सोपवताना हृषीकेशने विचारलं होतं, "अजून काही ध्यानात ठेवायचं, मॅडम?"

"नाही. एवढंच."

जाड तार वाचली, याचा अर्थ जाळी वाचेल असा होत नव्हता. तार पर्समध्ये ठेवून ती घरी गेली. बोललं, तर चाचणी पुन्हा होणार. आणि बारीक तारही वाचली, तर? मग तो खरोखरच तिच्यापेक्षा सरस ठरणार होता. गप्प बसलं, तर जाळी वितळल्यावर सगळे त्याचंच नाव घेणार होते. हा विचार तिला रात्री जेवताना गोड लागला. सकाळी डबा भरताना लागला नाही.

बुधवारी पावणेचारला कपाट ट्रकवर चढवायला क्रेन आली. वैजयंतीने हृषीकेशच्या टेबलावर तार आणि मायक्रोमीटर ठेवला.

"मोज."

त्याने दोनदा मोजलं. "ही कालची?"

"हो."

"तुम्ही कधी मोजलीत?"

"काल दुपारी."

तो उठून एकनाथरावांच्या केबिनमध्ये गेला. तिथे मालकांचा आवाज चढला, मग उतरला. क्रेन थांबवली. हृषीकेशने दुसऱ्या रिळाची तार कापली आणि तिच्यापुढे धरली.

"तुम्हीच मोजा."

पंधरा भरली. तिने स्वतःच्या हाताने ती जोडली.

"सायेब, गाडी किती येळ उभी करायची हितं?" ट्रकवाल्याने फाटकातून विचारलं.

"थांब की जरा!" एकनाथराव खेकसले.

सगळे सुरक्षेच्या कुंपणाच्या अलीकडे मागे सरले. हृषीकेशने बटणावर बोट ठेवलं आणि होकारासाठी वैजयंतीकडे पाहिलं. ती तारेकडे बघत होती.

पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. बटण अजून दाबलेलं नव्हतं.