सैल सोडलेला जबडा

बायकोचा चेहरा मला पाठ आहे, अशी माझी समजूत होती. लग्नाआधी नुसता फोटो पाहिला आणि त्या हनुवटीवरच मी होकार देऊन टाकला. हा किस्सा मी आल्यागेल्याला ऐकवतो. त्यामुळे ती जबड्याचं ऑपरेशन करायचं म्हणाली तेव्हा माझं डोकंच फिरलं. घास चावताना कानाजवळ कळ येते म्हणे. मग मऊ खा की. चांगल्या चेहऱ्याला करवत लावून घ्यायची हौस कुणाला असते?

दवाखान्यात मी भांडायच्या तयारीनेच गेलो. डॉक्टरबाईंनी बायकोला स्टुलावर बसवलं, तिच्या तोंडाभोवती कॅमेरा फिरवला आणि स्क्रीनवर तिचं करड्या रंगाचं डोकं सावकाश फिरू लागलं. नाक, गाल, हनुवटी, सगळं जागच्या जागी. मी डॉक्टरबाईंनाही तो किस्सा ऐकवला आणि विचारलं, यात कापण्यासारखं काय आहे ते दाखवा.

त्या हसल्या नाहीत. दात एक सांगताहेत आणि चेहरा दुसरंच, एवढंच म्हणाल्या. आवंढा गिळून जबडा सैल सोडा, असं त्यांनी बायकोला सांगितलं आणि पुन्हा स्कॅन घेतला. चेहरा तोच. आणखी एकदा घेतला, तरी तोच. बायको सारखी माझ्याकडे बघत होती. मग डॉक्टरबाईंनी मला जरा बाहेर बसायला सांगितलं. मी तणतणत गेलो.

परत बोलावलं तेव्हा स्क्रीनवर दोन चेहरे एकमेकांवर चढवलेले होते, एक मघाचा आणि एक मी बाहेर असताना घेतलेला. कपाळ आणि नाक तंतोतंत जुळत होतं, तिथे हिरवा रंग. ओठांखाली लालभडक. डॉक्टरबाईंनी पहिला चेहरा काढून टाकला. उरलेल्या बाईला हनुवटी जवळजवळ नव्हतीच. ओठाखालून चेहरा थेट गळ्याकडे उतरत होता. या बाईला मी जन्मात पाहिलं नव्हतं.

हाच खरा चेहरा, डॉक्टरबाई म्हणाल्या. जबडा सतत पुढे ओढून धरल्याने सांधा झिजतोय. पहिल्या स्कॅनवर ऑपरेशनचा आराखडा केला असता तर हाड हवं तेवढं पुढे आलंच नसतं आणि दुखणं तसंच राहिलं असतं.

मी बायकोकडे वळलो. मी आत येताच तिची हनुवटी पुन्हा पुढे आली होती.

"फोटोच्या वेळी आई म्हणाली, जरा पुढे धर," ती म्हणाली. "मग तुम्ही होकार दिलात."

पांघरूण नाकापर्यंत ओढून झोपायची तिची सवय मला आठवली. थंडीला भितेस म्हणून मी तिला चिडवायचो.

"अगं, पण घरी तरी?"

"घरी तर तुम्ही असता."

डॉक्टरबाईंना खात्रीसाठी आणखी एक स्कॅन हवा होता. कोणी काही सांगायच्या आत मी उठलो आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं.