झांज कुठे गेली

माणसाने नाद लावून घ्यावा, पण निदान गल्लीला समजेल असा तरी. आमचे हे, धोंडीराम, दिंडोरीजवळच्या खेड्यातले. घरात आज्यापासून भजन. सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, पत्रे ठोकणाऱ्या मशीनांच्या धडधडाटात, नोकरी केली आणि नाद लागला तो जॅझचा! कारखान्यात मशीन बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता, जाताना त्याने ह्यांना निळ्या कव्हरची एक सीडी दिली. सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम, गाणारं कोणीच नाही. दुसऱ्यांच्या नवऱ्यांना परदेशी पाहुणे पेन देतात, घड्याळ देतात. आमच्या घरी ही सवत आली.

त्या एका सीडीची पुढे भिंतभर कपाटं झाली. जॅझची जुनी रेकॉर्डिंग कंपन्या पुन्हा पुन्हा सीडीवर काढतात. दर वेळी मूळ टेप नव्याने साफ करतात, आवाज जरा वेगळा बसवतात. त्याला हे रीइश्यू म्हणतात. मी म्हणते, भाजी कालचीच, फोडणी तेवढी नवी. हे एकेका भाजीच्या सगळ्या फोडण्या घरात आणणार, जपानची, अमेरिकेची, जिथली मिळेल तिथली, आणि मग कुठल्या फोडणीत मोहरी जळली ते शोधत बसणार.

आमच्याकडे रविवारी दुपारी परीक्षा असायची. जेवणं झाली की हे खुर्चीत डोळे मिटून बसायचे. मी त्यांच्या पाठीमागे प्लेअरपाशी. एकाच गाण्याच्या दोन सीड्या घ्यायच्या, मनाला येईल ती आधी लावायची, कव्हर दाखवायचं नाही, आणि ह्यांनी ओळखायचं, जुनी कोणती न् नवी कोणती. मी महापालिकेच्या शाळेत जन्मभर पोरं शिकवली, पण पेपरची इतकी वाट बघणारा विद्यार्थी वर्गात कधी भेटला नाही. आणि कधी चुकायचेही नाहीत. चार सूर झाले की ह्यांचं बोट वर.

मला सुरुवातीला तो सगळा गोंगाट वाटायचा. मग हळूहळू कान लागला. ह्यांचा जीव झांजेत. ड्रमवाल्याच्या हाताशी मोठी झांज असते, हे तिला सिंबल म्हणतात. तिच्यावर तो काठी हलकेच नाचवत ठेवतो. सुपात तांदूळ पाखडावेत तसा आवाज, सगळ्या गाण्याच्या खालून चाललेला. "सरू, बाकीचे सगळे बोलतायत," हे सांगायचे, "हा एकटा त्यांचं ऐकतोय."

गेल्या वर्षी कुठल्याशा कंपनीने एक रीइश्यू काढला आणि हे पहिल्यांदा भडकले. "झांज मारून टाकली मेल्यांनी! साफ करायला घेतली आणि जीवच काढला." पुढच्या सीडीचं तेच. तिच्या पुढचीचं तेच. त्या रागात रविवारची परीक्षाही बंद पडली. ह्यांनी पुण्याला आमच्या लेकीला, हर्षालीला, फोन लावून तिच्याकडून कंपनीला इंग्रजीत ईमेल लिहवून घेतला. कंपनीचं गोड उत्तर आलं, की आम्ही मूळ टेपला धक्का लावलेला नाही. हे म्हणाले, चोर कधी कबूल करतो का! मीही त्यांच्या बाजूने दोन शिव्या हासडल्या. मला झांज ऐकू येत होती, पण म्हटलं, हे म्हणतात ती आणखी काही बारीक गोष्ट असेल. ह्यांच्या कानापुढे माझ्या कानाची काय पत्रास?

मग निळ्या सीडीचा जपानी रीइश्यू मागवला. जपानी माणूस झांजेला हात लावणार नाही, असा ह्यांचा विश्वास. तो आला त्या रविवारी पुरणपोळी झाली, एवढा आनंद. दुपारी हे पुन्हा खुर्चीत बसले. मी आधी जुनी लावली, जर्मनाने दिलेली.

चार सूर झाले. बोट वर आलं नाही. गाणं निम्मं झालं तेव्हा ह्यांनी मान हलवली.

"ही नवी. जपान्यांनीही तेच केलं गं. झांज कुठे गेली?"

मी पाठीमागे जपानी सीडी हातात घेऊन उभी. आधी वाटलं माझीच अदलाबदल झाली. पुन्हा बघितलं.

"अहो, ही जुनी आहे."

"थट्टा नको."

"थट्टा नाही. तुमची जुनीच आहे."

हे उठले. प्लेअरचं बटण दाबून सीडी बाहेर काढली. तिच्यावर त्या जर्मनाने पेनने सही केलेली आहे. ती सही हे बघत राहिले. मला वाटलं आता म्हणतील, झिजली असेल. पण सीडी झिजत नाही, हे मला ह्यांनीच शिकवलेलं.

"तुला येते झांज ऐकू?"

खोटं बोलायला हवं होतं का? मला सुचलंच नाही.

"येते."

"कशी?"

"नेहमीसारखी. पाखडल्यासारखी."

"आणि बाकीच्या सीड्यांत? ज्यांना मी शिव्या घातल्या?"

"त्यांतही येते."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

हे खाली बसले. मग शहरात आल्यापासून कधी न बोललेलं गावाकडचं बोलले. "झांज हाय गं. मीच नाय राहिलो."

मी आत जाऊन नळ मोठा सोडून रडले. मग आठवलं, नळ कशाला सोडला? ह्यांना कुठे ऐकू येणार होतं!

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बारीक, उंच आवाज गेले, आता परत येणार नाहीत. प्रेस शॉपमध्ये इतकी वर्षं काढली, वर वय. हर्षाली सुट्टी काढून आली आणि तिने कानाचं यंत्र घेऊन दिलं. दवाखान्याबाहेर हे थबकले. "चिमण्या!" म्हणाले. रिक्षावाल्याशी गप्पा काय मारल्या, मला कोपरखळ्या काय दिल्या. घरी आल्यावर चपलाही न काढता निळी सीडी लावली. मी देवापुढे हात जोडले. माझ्यासारखी चहाटळ बाई, पण त्या दिवशी मनापासून जोडले.

अर्ध्या मिनिटात ह्यांनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"काय झालं?"

"पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखं वाजतंय."

डॉक्टरांनी ते यंत्र दोनदा जुळवून दिलं. शेवटी म्हणाले, काका, हे माणसांचं बोलणं ऐकायला केलेलं असतं, गाण्याला नाही. त्यांचा काय दोष? पण मला त्यांना चांगलं सुनावावंसं वाटलं.

यंत्राशिवाय हे काही दिवस ऐकत बसले. सॅक्सोफोन यायचा, बास यायचा. मी विचारलं, तेवढं पुरत नाही का? माझ्याकडे न बघता म्हणाले, "सगळे बोलतायत. ऐकणारा उठून गेला."

मग एक दिवस ह्यांनी शोएबला बोलावलं. शोएब देवळालीचा. शनिवार-रविवारी गंगापूर धरणाकडच्या वायनरीत ड्रम वाजवतो, आणि ह्यांच्याकडून सीड्या नेऊन इमानदारीने परत आणतो. हे म्हणाले, सगळ्या ने. परत आणू नको. शोएब आधी हसला, मग त्याने माझ्याकडे बघितलं, मग तो खोकी आणायला गेला. सीड्या भरताना हे प्रत्येकीवरची धूळ बनियनने पुसून देत होते. निळीवर आले तेव्हा मी म्हटलं, ही राहू द्या.

"कशाला?" हे म्हणाले. "हिला ऐकणारा पाहिजे."

शोएबने ती छातीशी धरली. "काका, रोज लावीन," म्हणाला, आणि पटकन जिना उतरला. पुढच्या खोक्याला तो बराच वेळ वर आला नाही.

त्या रविवारी जेवणं झाली. हे सवयीने खुर्चीत जाऊन बसले. मीही सवयीने प्लेअरपाशी जाऊन उभी राहिले. समोर मोकळी कपाटं. माझ्या हातांना काय करावं कळेना.

ह्यांनी खिशातून यंत्र काढून कानात बसवलं. "सरू, पाठीमागे नको. इकडे समोर बस."

मी बसले.

"बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. आता ऐकायला तूच राहिलीस."

आणि ह्यांनी डोळे मिटले. मला आयुष्यात कधी शब्द कमी पडले नाहीत, शेजारच्या विठाबाई साक्षीला आहेत. त्या दिवशी मात्र पोटातून ओढून काढावे लागले. म्हटलं, "तुमच्या त्या जर्मनाला मी फार बोल लावले हो. पण या रविवारांइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही. मला ते गाणं नको होतं. तुम्ही बोट वर करायचात ना, ते बघायला मी उभी राहायची."

इतकी वर्षं मी हे कधी बोलले नव्हते. ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ह्यांच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधे, एक बारीक आठी पडली. ती आठी मला पाठ आहे. एखादा रीइश्यू बिघडलेला निघाला की पडायची. गाणं तेच, माणसं तीच, पण आवाज त्यांचा नाही.

मी थांबले. ह्यांनी डोळे उघडले, आठी घाईघाईने पुसली आणि हसले. "छान," म्हणाले. "थांबू नको. बोल ना पुढं."

मी बोलत राहिले.