कोरडी राहिलेली पिकदाणी

मी एक जुनी पितळी पिकदाणी आहे. मुरडलंत ना नाक? मुरडा, मित्रांनो, मुरडा. मीही जन्मभर मुरडतच आले आहे, फक्त मला तोंड फिरवता येत नाही.

नगरच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. तेव्हा मी इतकी लखलखीत होते की मला वाटलं, आपण देवघरात जाणार. पण देवळाली प्रवरेच्या एका पानशौकीन आजोबांनी मला उचललं, आणि पहिल्याच संध्याकाळी... शी! चुना-काताचं ते कोमट लाल पाणी आठवलं की अजून ढवळून येतं. तरी आजोबांचा नेम चांगला होता, आणि त्यांची सून मालनबाई मला रोज चिंचेने घासायची. "पिकदाणी हाय का आरसा?" असं पाहुणे विचारायचे. पुढे आजोबा गेले. बाजारात गुटख्याच्या पुड्या आल्या आणि लोक उभ्या जागी थुंकू लागले. मग माझं काय काम? मला गोठ्यात टाकलं. कोंबड्या माझ्यातलं पाणी पीत आणि त्यातच घाणही करीत. याहून वाईट काही नसेल, असं तेव्हा वाटायचं.

मालनबाईंची मुलगी राजेश्वरी नाशिकला वाईनचं शिक्षण घेऊन परतली आणि तिने मला गोठ्यातून बाहेर काढलं. हायवेला गावातल्याच आप्पासाहेबांचं नवं हॉटेल उघडणार होतं. गावरान जेवण आणि सोबत खिशाला परवडणारी इटलीची लाल वाईन, ही कल्पना राजेश्वरीची. आप्पासाहेबांना ती पटली होती. पण वाईन निवडायचं काम तिला द्यायचं की पुण्याच्या कुणा साहेबाला, हे त्या दिवशी आमच्या घरी दुपारच्या जेवणावर ठरणार होतं. सकाळपासून पोरगी तेच ग्लास पुन्हा पुन्हा पुसत होती.

"चव घ्यायची, तोंडात घोळवायची आणि हिच्यात थुंकायची," तिने समजावलं. "गिळत गेलं तर शेवटच्या बाटलीची चवच कळत नाही."

"अन्नाच्या ताटाशेजारी थुंकायचं?" मालनबाई ओरडल्याच. "ह्येच शिकाया पाठवलं हुतं व्हय तुला?"

तरी प्रत्येक वाईननंतर मला मोरीवर नेऊन धुवायचं त्यांनी कबूल केलं. आईच ती, करते काय?

पहिली आली चियांती. तिच्यासाठी राजेश्वरीने बेताच्या तिखटाचं सुकं मटण ठेवलं होतं. "ही तुरट आहे, तिखटाबरोबर घेऊ नका," असं बजावलंही होतं. पण आप्पासाहेबांचा हात आधी ठेच्याकडे! तोंडात नुसता जाळ झाला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी गडी म्हणतो, "वा! लई भारी! फॉरेनची चव!" आणि सगळा घोट भाकरीच्या तुकड्यांसकट माझ्या पोटात. ईऽऽ! सोबत त्यांचे भागीदार पुंजाराम होते. त्यांच्या नेमाचं तर विचारूच नका. निम्मं माझ्या गळ्यावर, निम्मं फरशीवर.

दुसरी सिसिलीची, नेरो दाव्होला, भरल्या वांग्याबरोबर. बरी होती म्हणे. मला काय कळणार? माझ्या वाट्याला शेंगदाण्याचा कूट आणि लाळ आली. मालनबाईंनी नाकाला पदर लावून मला मोरीवर उपडं केलं.

तिसरी सगळ्यांत स्वस्त. लाम्ब्रुस्को. गार, जराशी गोड, वर फेस. सोबत मालनबाईंची तीळ-खोबरं भरलेली मासवडी आणि झणझणीत रस्सा. फेस बघून आप्पासाहेब हसले.

"ह्यो तर सोडा हाय! असलं ठिवलं तर गिऱ्हाईक हसंल आपल्याला."

मी जीव मुठीत धरून वाट पाहत होते. आता येईल, मग येईल. पण काहीच येईना. वर नुसते रस्स्याचे भुरके चालले होते. "आजून वाढा" म्हणत दोघे पुन्हा पुन्हा ग्लास पुढे करत होते.

जेवण उरकलं. हात पुसत आप्पासाहेब म्हणाले, "पोरी, पहिली झकास हुती. शेवटची काय जमली न्हाई. आमी पुण्याच्या सायबालाच बोलावतो. वाईट वाटून घिऊ नको."

राजेश्वरी "बरं" म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक आला की मी माझी किळस विसरले.

मालनबाई नाकाला पदर लावून मला न्यायला आल्या. त्यांनी आत पाहिलं आणि पदर खाली सोडला. मग मोरीकडे न जाता त्यांनी मला थेट आप्पासाहेबांच्या ताटाशेजारी आणून आदळलं. हो, अन्नाच्या ताटाशेजारी!

"पहिलीच्या टायमाला ही भरून गेल्ती. आता बघा आत. थेंब तरी हाय का? न आवडलेली समदी पोटात गेली व्हय, आप्पासाहेब?"

आप्पासाहेब वाकले. मी ठणठणीत कोरडी होते. पुंजाराम मात्र मान खाली घालून ग्लासातला शेवटचा घोट संपवत होते.

"आयला, खरंच की!" आप्पासाहेब स्वतःशीच हसले. "पोरी, उद्यापास्नं हाटेलात ये. आन् मासवडी आईच्याच हातची पायजे."

आता मी हॉटेलात असते, नवी वाईन चाखायला लागते म्हणून. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, किळस अजूनही येते. पण थुंकायचंच असेल तर माझ्यात थुंका. रस्त्यावर, जिन्याच्या कोपऱ्यात, एसटीच्या खिडकीतून थुंकू नका हो! आणि काम झालं की मला घासून ठेवा. घाण झेलायलाच माझा जन्म आहे, पण मला घाणेरडी राहायला आवडत नाही.

मालनबाई मला अजून चिंचेनेच घासतात. नाकाला पदर मात्र आता लावत नाहीत.